भागम्माचं बोट

भागम्माच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट बाकीच्या बोटांपेक्षा वयानं मोठं दिसायचं. नखाच्या कडेला काळी रेघ, पेरावर तांबूस डाग आणि टोक इतकं गुळगुळीत, की आधारकार्डाच्या मशीननं ते ओळखायलाच नकार दिला होता. मशीनवरचा पोरगा म्हणाला होता, "आजी, दुसरं बोट द्या. हे झिजलंय."

झिजणारच. शंभूच्या वेळी पोटुशी होती तेव्हापासून ते बोट रोज हिरड्यांवरून फिरत होतं. त्या वेळी दाढ ठणकत होती, डॉक्टर परभणीला, आणि सासू स्वयंपाकघरात. सासूनं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, चुरली, फडक्यातनं चाळली आणि म्हणाली, "लाव जराशी मिसरी. गप पडंल." पहिल्या चिमटीला भागम्माला गरगरलं, उलटी झाली, पण दाढ गप पडली. पुढं ती दाढ पडूनसुद्धा गेली. मिसरी मात्र राहिली.

आधी फक्त सकाळची होती. मग चहानंतरची आली, कारण चहानंतर तोंड कसंतरी व्हायचं. मग धुणं झाल्यावरची, कारण धुणं झालं म्हणजे काहीतरी मिळालं पाहिजे ना माणसाला. पुढं भांडण झालं की लावायची, आणि भांडण मिटलं की परत एकदा. डबी सापडली नाही तर पोटसुद्धा साफ व्हायचं नाही. सासूचा नियम एकच होता: काय लावायचं ते आंघोळीच्या आधी, कारण ज्या डाव्या तळहातावर मिसरी घ्यायची, आंघोळीनंतर त्याच तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची. भागम्मानं तो नियम कधी मोडला नाही. फक्त पूजा जरा घाईत उरकायला लागली.

घरात कुणाची हरकत नव्हती. नवरा शिवलिंगअप्पा. सोनपेठच्या पेठेत घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानात तंबाखूच्या पुड्या तोरणासारख्या लटकलेल्या. एकुलता एक शंभुराज दुकानाचा माल आणायला सदा परभणीच्या वाटेवर. त्याची बायको राजेश्री प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला सासूची मिसरी आवडत नव्हती, पण ती बोलली नव्हती. आणि तिची पोरगी शिवरंजनी, म्हणजे रंजू, हिला तर अजून बोलताच येत नव्हतं.

पण पकडता येत होतं.

रंजूच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या होत्या. हाताला येईल ते तोंडात. चादरीचं टोक, पाळण्याची दोरी, आजोबांची टोपी. एका दुपारी आजीच्या मांडीवर बसल्या बसल्या तिनं आजीचं ते बोट पकडलं, नीट निरखून पाहिलं आणि तोंडात घातलं. भागम्माला हसू आलं. मग रंजूच्या चेहऱ्यावर एक विचार आला, तो कपाळापर्यंत चढला आणि प्यायलेलं सगळं दूध आजीच्या लुगड्यावर आलं. वर उचकी.

राजेश्री धावत आली. पोरीच्या गुलाबी हिरडीवर काळी रेघ होती, कागदावर पेन्सिलीनं ओढावी तशी.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं ओल्या फडक्यानं हिरडी पुसली, पोरीला दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही झालं नाही, पण पुन्हा होऊ देऊ नका. घरी आल्यावर राजेश्री सासूसमोर बसली, शाळेत मुलांच्या पालकांसमोर बसते तशी.

"आत्याबाई, माझी रजा संपायलीय. रंजूला तुमच्याजवळच ठेवायचं मनात होतं."

"होतं म्हणजे?"

"हे बोट असं असंल तर न्हाई जमायचं. तुमी सोडलं तर सोन्याहून पिवळं. न्हाईतर मी आईला बोलावून घेते. ती येऊन ऱ्हाईल इथं, रंजूसाठी."

भागम्माच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. पिंगळीच्या विहीणबाई, नर्मदाबाई, आपल्या झोपाळ्यावर. आपली नात त्यांच्या मांडीवर. आपल्या स्वयंपाकघरात त्यांच्या हातची गोड वरणाची पद्धत. नर्मदाबाई फार शिस्तीच्या. लग्नात सुद्धा त्यांनी तोंडावर पदर धरून सांगितलं होतं, "आमच्याकडं कुणाला कसलं व्यसन न्हाई बरं का."

"सोडते की," भागम्मा म्हणाली. "त्यात काय."

हे "त्यात काय" खरं तर शिवलिंगअप्पांचं पालुपद. रात्री जेवताना ते म्हणाले, "मनावर घेतलं की सुटतं माणसाचं. त्यात काय."

"तुमी चहा सोडा मग माझ्यासंगं."

"सोडला."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अप्पा गल्ल्यावर बिनचहाचे बसले. दुपारच्या आत त्यांनी डोक्याला उपरणं आवळून बांधलं, साखर मागणाऱ्याला तूरडाळ दिली, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारलं की तुमाला दुसरं दुकान दिसत न्हाई का. मग गल्ला उघडा टाकून ते गायब झाले. भागम्मानं दारातून पाहिलं, तर समोरच्या हॉटेलात पाठ करून बसले होते.

"दुधाचा दर इचारायला गेलतो," परत आल्यावर ते म्हणाले. मिशीवर साय होती.

त्यानंतर अप्पांनी मनाचा विषय काढला नाही.

राजेश्री सासूला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी बॅटरी लावून तोंड पाहिलं, गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. आत्ता सोडलं तर हा जाईल, म्हणाल्या, नाहीतर पुढं तो तुम्हाला सोडणार नाही. तंबाखूचं मेंदूत काय होतं तेही त्यांनी चित्र काढून समजावलं. चित्र भागम्माला कळलं नाही, पण गोष्ट कळली. आपल्या डोक्यात एक तान्हं बसलंय. ते रडलं की आपण देतो. दिलं की गप. म्हणून ते शिकलंय, रडलं की मिळतं. आणि दर खेपेला जरा जास्त रडतंय, कारण आधीच्या घासानं त्याचं भागत नाही. आता द्यायचं बंद केलं तर आधी आकाशपाताळ एक करील, आणि मग कधीतरी दमून झोपेल. पोरं वाढवलेल्या बाईला यात समजण्यासारखं अवघड काय होतं?

अवघड होतं ते ऐकून घेणं. तिनं डबी राजेश्रीच्या हातात दिली, देवासमोर हात जोडून दिली, आणि त्याच दुपारी दुसरी भरली. थोडीशीच. अगदी अडचणीसाठी. ठेवायची कुठं हा प्रश्न होता. राजेश्री शिक्षिका. तिला लपवलेल्या वस्तू सापडायच्या. शेवटी भागम्मानं कारळाच्या चटणीची एक रिकामी बरणी घेतली. कारळाची चटणी काळी, मिसरी काळी. फळीवर भरलेल्या बरणीच्या मागं ही बरणी ठेवली की कुणाला काय कळतंय.

पुढं असं झालं की पुढची बरणी संपली.

आणि नेमक्या त्याच दिवशी नर्मदाबाई आल्या. पिंगळीहून रेल्वेनं गंगाखेड, तिथून एसटीनं सोनपेठ. हातात नातीसाठी झबली आणि चेहऱ्यावर पाहणीला आलेल्या साहेबाची कळा. रंजूला घेऊन त्यांनी झोपाळ्याची एक कडी वाजवून पाहिली.

"कुरकुरायलीय," त्या म्हणाल्या. "तेल घालायला पायजे."

भागम्माला वाटलं, ही आत्ताच राहायला आली.

जेवायला पानं वाढली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, घट्ट वरण. भागम्मा पाणी आणायला वळली आणि परत येते तो राजेश्री आईच्या ताटात चमचा टेकवत होती. "आई, ही आत्याबाईंच्या हातची चटणी. मागं एक बरणी सापडली."

भागम्मानं तांब्या होता तिथंच खाली टेकवला. ताटात काळा ढीग. अप्पांच्या ताटातही काळा ढीग. बोललं तर पकडलं जायचं, आणि नाही बोललं तर नवरा आणि विहीण विषबाधेनं झोपायचे. तिनं आधी नवऱ्याचा ढीग चिमटीनं उचलून बाहेर टाकला.

"आगं ए," अप्पा म्हणाले.

"तुमाला पित्त हाय."

"मला कवाशी पित्त हाय?"

"आजपासून." मग ती नर्मदाबाईंकडे वळली. "विहीणबाई, ऱ्हाऊ द्या ती चटणी. लय जहाल झालीय. तुमाला न्हाई सोसायची."

हे बोलायला नको होतं. नर्मदाबाईंची मान ताठ झाली. "आमी पिंगळीची माणसं. आमाला तिखटाचं काय सांगता?" असं म्हणून त्यांनी बोट चटणीत बुडवलं आणि जिभेवर टेकवलं.

भागम्मानं डोळे मिटले.

काहीच झालं नाही. ठसका नाही, ओकारी नाही. तिनं एक डोळा उघडला. नर्मदाबाई शांत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची पाहणीची कळा गेली होती. खूप दिवसांनी माहेरी आलेल्या बाईसारखा चेहरा झाला होता. आणि त्यांचं बोट, त्यांना न विचारता, जिभेवरून वरच्या हिरडीकडे सरकलं आणि डावीकडून उजवीकडे एकदा सफाईनं फिरलं.

"कशी हाय गं आई?" राजेश्रीनं विचारलं.

"खमंग हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. त्यांनी भागम्माकडे पाहिलं. भागम्मानं त्यांच्याकडे पाहिलं.

जेवणं झाली. परसात धुण्याच्या दगडापाशी दोघी हात धुवायला गेल्या आणि हात धुवायचे राहिले.

"जरा जास्ती भाजलीय," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. "तवा येवढा तापू द्यायचा न्हाई. कडू होती."

"तुमी तर म्हनला होता कुणाला व्यसन न्हाई."

"कुणाला न्हाईच. मला तेवढी सवय हाय." त्या दगडावर टेकल्या. "राजेश्रीला ठाऊक न्हाई. तिला सांगितलंय लय वर्सामागं सोडली म्हनून. मी इकडं राहायला आले असते तर माझे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. कुठं लपवायची, कवा लावायची. मी गाडीत तोच विचार करायलेते."

"मग येत कामून होता?"

"तुमी एकट्याच आजी व्हाल म्हनून."

भागम्माला राग यायला हवा होता. पण इतक्या खऱ्या उत्तरावर राग कसा धरायचा? तिनं पदराआडून बरणी काढली. येताना तिनं ती उचलली होती, पुरावा नाहीसा करायला. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. दोन डावे तळहात पुढं झाले.

"दाढंपायी लागली मला," भागम्मा बोट फिरवत म्हणाली. "तुमाला?"

"माझे दात मोत्यासारखे होते. मी नवी नवरी. घरात कुणी बोलायचं न्हाई माझ्याशी. दुपारी साऱ्या बाया वट्ट्यावर मिसरी लावत बसायच्या, हसायच्या. मी दारात उभी. एक दिवस हात पुढं केला. म्हातारीनं चिमूट टाकली, सरकून जागा दिली." नर्मदाबाई थुंकल्या. "मिसरी न्हाई लागली मला, विहीणबाई. ती जागा लागली."

तेवढ्यात मागून राजेश्रीचा आवाज आला. "घ्या गं कुणीतरी हिला. मला दुधाचं बघायचंय."

दोघींनी एकदम हात पाठीमागं घेतले.

राजेश्री दारात उभी, कडेवर रंजू. रंजूला दोन आज्या एका जागी दिसल्या. तिनं दोन्ही हात पसरले, आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे, मग परत हिच्याकडे. गेले कित्येक आठवडे ज्या पोरीवरून दोघींची मनातल्या मनात कुस्ती चालली होती, ती समोर हात पसरून होती आणि दोघी पाठीवर हात बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होत्या.

"काय झालं?" राजेश्री म्हणाली.

"हात खरकटे हायत," भागम्मा म्हणाली.

"आन तुझे गं आई?"

"माझे बी."

रंजूचा ओठ बाहेर आला. मग ती रडली. राजेश्री तिला थोपटत आत गेली. नर्मदाबाईंनी बरणी उचलली, मोरीत पालथी केली आणि वरून बादली ओतली. काळं पाणी पन्हाळीतून कर्दळीच्या बुडाशी गेलं.

"कर्दळ मरंल," भागम्मा म्हणाली.

"मरू द्या."

नर्मदाबाई दुसऱ्या दिवशी पिंगळीला परतल्या, पण करार करून. ज्या बाईला तलफ येईल तिनं दुसरीला फोन करायचा. लावायच्या आधी करायचा, नंतर नाही.

पहिले दिवस मोठे वाईट गेले. भागम्माचं बोट रिकामं राहिना. ते टेबलाच्या कडेवर फिरायचं, ताटाच्या काठावर फिरायचं. मीठ लावून पाहिलं, कडुलिंबाची काडी चावली, बडीशेप खाल्ली, लवंग धरली. पोट रुसून बसलं, मग गरम पाण्यानं आणि इसबगोलानं कसंबसं मानलं. तिनं मांजराला शिवी दिली, दूधवाल्याला दिली, आणि अप्पांनी "शंभूची माय, दमानं," एवढंच म्हटलं तर त्यांनाही दिली. अप्पांनी तंबाखूचं तोरण दारातून काढून मागच्या खणात कुलपात ठेवलं. त्यांनी तेवढंच केलं, पण न सांगता केलं.

फोन वाजायचा. "लागली," पलीकडून आवाज.

"मला बी."

"मग बोला कायतरी."

मग दोघी बोलायच्या. पिंगळीत कुणाची म्हैस व्याली, सोनपेठच्या बाजारात मेथी कशी होती, व्याह्यांचं घोरणं. बोलता बोलता कुकरची शिट्टी व्हायची आणि लक्षात यायचं की तलफ कधीच निघून गेली.

"ही तलफ एसटीवानी हाय बगा," एकदा नर्मदाबाई म्हणाल्या. "लय जोरात येती, हारन वाजवती, वाटतं आता न्हाई चढलो तर जन्म वाया. आपण वट्ट्यावर बसून ऱ्हायलो तर जाती निघून."

"दुसरी येती की मागून."

"येती. पण रातच्याला कमी असत्यात."

डोक्यातलं तान्हं दमायला लागलं होतं. रडणं बंद नव्हतं, पण रडण्यात पूर्वीचा विश्वास नव्हता. चहाला चहाची चव आली. सकाळची पूजा लांबायला लागली. तळहातावर इष्टलिंग घेऊन ती बसायची आणि पुढं उरकायचं असं काही नसायचं.

आणि मग, राजेश्रीची शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, शेजारच्या सुमनबाईंनी तवा ठेवला.

भिंतीवरून तो वास आला तेव्हा भागम्मा बाजेवर डाळ निवडत होती. फोन आत चार्जिंगला. ती फोन आणायला उठली, हे अगदी खरं. पण पाय सुमनबाईंच्या अंगणाकडे वळले. सुमनबाई म्हणाल्या, "या की भागम्मावैनी, लय दिवसानं," आणि सरकून जागा दिली. भागम्मा बसली.

एकच चिमूट. थोडं गरगरलं, पहिल्या दिवसासारखं. घरी येताना मात्र डोक्यातलं तान्हं उठून बसलं होतं आणि मोठ्या माणसासारखं बोलत होतं: आता मोडलंच आहे तर डबी भरून घे. आता काय राहिलं?

तिनं फोन लावला. "विहीणबाई, मी लावली. नंतरचा फोन हाय हा."

नर्मदाबाई म्हणाल्या, "मी परवाच्याला लावली."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी जिंकाल म्हनून."

दोघी हसल्या, आणि हसता हसता भागम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वो?"

"आता काय. ती एसटी गेली. चुकून चढलो, पुढच्या स्टँडला उतरलो. तिथून मुंबईला जायची काय गरज हाय?"

संध्याकाळी राजेश्री आली, रंजू कडेवर. "आत्याबाई, उद्यापासून शाळा. हिला घेता का? मी साड्या काढून ठेवते." तिचा आवाज हलका होता. ती ठरवून आली होती, भागम्माला कळलं. होकार आणून दिला होता तिनं, घरपोच.

भागम्मानं हात पाठीमागं घेतले. नुसतं धुतलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं.

"आज मला देऊ नको," ती म्हणाली. "आज मी लावली. सुमनबाईकडं. एकदाच."

राजेश्री उभीच राहिली. चेहरा पडला तो पडलाच. पोरीला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "मग उद्या? उद्या मी काय करू आत्याबाई? आईला फोन करू?"

"करून बघ," भागम्माच्या तोंडून गेलं. "तिची बी तीच गत हाय."

ते सांगायचं नव्हतं. पण सांगून झालं, आणि मग बरणी, चटणी, धुण्याचा दगड, फोन, सगळंच सांगावं लागलं. राजेश्री ऐकता ऐकता पायरीवर बसली. गोष्ट चटणीपर्यंत आली तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. रागानं की कशानं, हे भागम्माला दिसेना. खांदे मात्र हलत होते.

"आईनं खमंग म्हनलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"लय भाजली होती खरं तर."

राजेश्रीनं डोळे पुसले. "मामंजींच्या पित्ताचं तवाच कळायला पायजे होतं." मग तिनं सासूचा हात पाठीमागून ओढून पुढं घेतला, ते बोट वास घेऊन पाहिलं आणि नाक मुरडलं. "आमच्या शाळेत सोमवारी नखं तपासतो आमी. तुमची रोज तपासायची. सकाळी मी निघायच्या आधी. स्वच्छ असंल तर रंजू तुमच्याकडं. नसंल तर तुमीच सांगायचं, आज सांगितलं तसं. मी सुट्टी टाकीन त्या दिवशी. पण लपवायचं न्हाई."

"आन विहीणबाई?"

"आई रविवारी येईल. तिची बी तपासणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागम्मा दारात दोन्ही हात पुढं करून उभी राहिली, रांगेतल्या पोरीसारखी. लिंबू, राख आणि साबण लावून घासलेलं बोट लालबुंद झालं होतं. अप्पा गल्ल्यावरून पाहत होते, चहाची बशी ओठाला लावून. राजेश्रीनं नखं पाहिली, वास घेतला आणि रंजूला सासूच्या हातात दिलं.

पुढं एखाद्या सकाळी भागम्मानंच "आज न्हाई" म्हटलं. फार नाही. रविवारी पिंगळीच्या विहीणबाई रांगेत शेजारी उभ्या राहायच्या आणि आपली नखं जास्त पांढरी असल्याचं राजेश्रीच्या नजरेला आणून द्यायच्या. कर्दळ मेली नाही. उलट फुलली, आणि यावरून दोघींत वाद आहे की नक्की कशानं.

अशाच एका सकाळी, राजेश्री रस्त्याच्या वळणापर्यंतही गेली नव्हती, तेव्हा रंजूनं झोपाळ्यावर आजीचं ते बोट पकडलं. निरखून पाहिलं. पोरीनं बोट तोंडात घातलं, हिरडीवर ठेवलं, चव पाहिली, आणि कपाळापर्यंत काही चढलं नाही. मग तिनं चावलं.

"आई गं," भागम्मा म्हणाली.

बोटाच्या गुळगुळीत टोकावर तांदळाच्या कणीएवढी खूण उमटली होती. तिनं पोरीचा ओठ हळूच खाली केला. दात.

तिनं दुसऱ्या हातानं फोन उचलला.

"लागली का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"लागला," भागम्मा म्हणाली. "पहिला. मलाच लागला आधी. आता बसा रविवारची वाट बघत."